फळ्यावरचा आक्षेप पुसू नका: ख्रिस्ती शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती विद्यापीठे व महाविद्यालये चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, कुलगुरू आणि प्राचार्य यांस,

सविनय नमस्कार.

मी मूळची मिरजेची. माझा जन्म तिथल्या मिशन इस्पितळातला, घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वारकरी. २००३ ते २००६ या तीन वर्षांत मी दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेऊन बी. ए. केले, आणि आता बरीच वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र शिकवते. ख्रिस्ती संस्थांशी माझे नाते एवढेच आहे, पण ते ऋणाचे आहे, आणि त्या ऋणापोटीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या जूनमध्ये माझा एक विद्यार्थी आपल्यापैकी एका संस्थेच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायला आईला बरोबर घेऊन गेला. तर्कशास्त्रात त्याला उत्तम गुण होते आणि तत्त्वज्ञान घेऊनच पदवी करायची असे त्याने बारावीतच ठरवले होते. प्रवेशाच्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले की, पुरेशी मुले येत नसल्यामुळे तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून यंदापासून देता येणार नाही. पण दोन श्रेयांकांचे मूल्यशिक्षण सर्वांनाच सक्तीचे आहे, तेव्हा तत्त्वज्ञान त्यात येईलच. त्याने अर्थशास्त्र घेतले. खिडकीवरच्या माणसाचा यात काहीच दोष नाही. त्याने ते मनापासून, मुलाची समजूत घालण्यासाठीच सांगितले असणार. पण ‘तत्त्वज्ञान त्यात येईलच’ हे वाक्य एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या आवारात इतक्या सहज बोलले जाते, याने मी अस्वस्थ झाले. ते वाक्य खरे नाही. का नाही, हे आपल्यासारख्या परंपरेतल्या माणसांना सांगावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

मूल्यशिक्षणाच्या तासाला उत्तर आधी ठरलेले असते. खरे बोलावे, व्यसन करू नये, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, पाणी जपून वापरावे. यातले काहीच चूक नाही, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे कोणीतरी सांगितलेही पाहिजे. परंतु आमच्या पहिल्या वर्षाच्या नीतिशास्त्राच्या तासाला ‘खरे बोलावे’ हे वाक्य फळ्यावर लिहून झाल्यावर कामाला सुरुवात झाली होती. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली लिहिलेला एक छोटा निबंध आम्हाला वाचायला दिला होता. त्यात तो म्हणतो की, मारेकरी दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राची चौकशी करू लागला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तासाला, त्याच शिक्षकांनी, कर्णपर्वातली कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने दरोडेखोरांना पळून गेलेल्या माणसांची वाट खरीखुरी दाखवली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला ही कथा सांगतो तो प्रसंगही असाच, व्रत आणि विवेक यांच्या कात्रीचा आहे. आता या दोघांत कोणाचे बरोबर, आणि का? आम्ही पंधरा दिवस त्यावर होतो. पंधरा दिवसांनंतर वर्गातले कोणी अधिक खरे बोलू लागले असेल की नाही, हे मला ठाऊक नाही; पण आपण जे मानतो ते कशाच्या आधारावर मानतो, हे स्वतःला विचारल्यावाचून त्यानंतर आम्हाला राहवेनासे झाले. हे दोन श्रेयांकांत होत नाही, आणि ज्या तासाचे उत्तर आधी ठरले आहे त्या तासात तर होतच नाही.

हे कोणत्याही विद्यापीठाला लागू आहे, मग पत्र ख्रिस्ती संस्थांनाच कशासाठी, असे आपण विचाराल. त्यासाठी मला दुसऱ्या वर्षाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

२६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामी आली. वेलांकन्नीला नाताळची गर्दी होती. यात्रेकरू किनाऱ्यावर होते, आणि त्यांतले शेकडो परत आले नाहीत. आमच्या वर्गातली एक मुलगी नागपट्टिनमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतली होती. तिचे आईवडील वाचले, काका आणि दोन चुलत भावंडे गेली. सुट्टी संपवून ती जानेवारीत वसतिगृहावर परतली तेव्हा तिच्याशी काय बोलावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचत नव्हते. धर्माचे तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे फादर पहिल्या तासाला आले, त्यांनी प्रार्थना केली नाही, सांत्वनाचे भाषणही केले नाही. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांचे ‘सुम्मा थिओलॉजिआ’ त्यांनी उघडले आणि ईश्वर आहे काय या प्रश्नाखालचा पहिला आक्षेप फळ्यावर लिहिला. दोन परस्परविरोधी गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरी उरणारच नाही. ईश्वर या शब्दाचा अर्थच अनंत चांगुलपणा असा आहे. म्हणून ईश्वर असता तर अशुभ, म्हणजे दुःख आणि वाईट, कुठेच आढळले नसते. परंतु जगात अशुभ आढळते. म्हणून ईश्वर नाही. एवढे लिहून त्यांनी खडू ठेवला आणि आम्हाला विचारले की, हा आक्षेप आणखी बळकट कसा करता येईल?

तास संपला. जाताना त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात शिपाईकाकांसाठी लिहिले की, हे पुसू नये. तो आक्षेप तीन दिवस फळ्यावर राहिला. इतर विषयांच्या शिक्षकांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर काम भागवले. त्या तीन दिवसांत आम्ही लिस्बनचा भूकंप वाचला, जो १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना झाला आणि ज्याने युरोपातल्या विचारवंतांना कित्येक वर्षे झोप लागू दिली नाही. मग मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा १९५५ सालचा युक्तिवाद वाचला, ज्यात सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला ईश्वर आणि अशुभाचे अस्तित्व ही विधाने एकत्र खरी असूच शकत नाहीत असे तो म्हणतो. आणि त्यानंतरच अमेरिकन तत्त्वज्ञ प्लँटिंगा यांनी १९७४ साली दिलेले उत्तर आमच्या हाती आले. माणसाला खरोखरचे इच्छास्वातंत्र्य द्यायचे तर त्याच्या हातून वाईट घडणे टाळणे ईश्वरालाही शक्य नसावे, हे संभवते. आणि ते नुसते संभवते एवढ्यानेही ती विधाने परस्परविरोधी नाहीत हे सिद्ध होते. इथे फादरांनी बचाव आणि समर्थन यांतला फरक समजावला. बचाव एवढेच दाखवतो की श्रद्धा ठेवणारा माणूस तर्कदुष्ट नाही. समर्थन करणारा म्हणतो की, ईश्वराने हे का होऊ दिले ते मला कळले आहे. ‘समुद्राने ती माणसे का नेली हे मला माहीत आहे, असे जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्या अंगावर माझ्यासारखा झगा असला तरीही,’ हे त्यांचे शब्द माझ्या वहीत त्या तारखेखाली लिहिलेले आहेत.

तेव्हा ती नागपट्टिनमची मुलगी पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, इच्छास्वातंत्र्याचे हे उत्तर माणसांनी केलेल्या वाईटाला लागू पडेल. पण समुद्राला कुठे इच्छा असते? फादर काही वेळ गप्प उभे होते. दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजू लागली होती, ती थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग तिचा प्रश्न त्यांनी फळ्यावर, अक्वायनसच्या आक्षेपाखाली, तिच्या नावासकट लिहिला आणि सांगितले की, या युक्तिवादाची सर्वांत कच्ची जागा तीच आहे, आणि प्लँटिंगांनी तिथे जे सांगितले आहे ते वाचून तुमचे समाधान होते का ते तुम्हीच ठरवा.

मी त्यानंतर अनेक चांगले अध्यापक पाहिले. धर्माशी ज्यांना काहीच देणेघेणे नाही अशा विभागांत अशुभाचा प्रश्न उत्तम शिकवला जातो, हेही मला माहीत आहे. पण ज्या माणसाचे सगळे आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे, त्याने तो प्रश्न स्वतःच्या हाताने, पूर्ण ताकदीने फळ्यावर लिहावा आणि तीन दिवस पुसू देऊ नये, याचे मोल वेगळे आहे. प्रश्न खरा आहे हे विद्यार्थ्याला पुस्तकावरून कळत नाही. समोरच्या माणसाला त्याची झळ लागते आहे हे दिसले की कळते. ख्रिस्ती विद्यापीठ देऊ शकते ते हे. माझ्यासारख्या विठ्ठलाच्या घरातल्या मुलीला ते मिळाले, आणि त्यासाठी मला ख्रिस्ती व्हावे लागले नाही. तशी अपेक्षाही कोणी कधी बोलून दाखवली नाही.

आक्षेप आधी मांडायचा, तोही प्रतिपक्षाला स्वतःला मांडता आला नसता इतका चांगला मांडायचा, आणि मग उत्तर द्यायचे, ही अक्वायनसची रीत पाहून मला परके असे काही वाटले नाही. आपल्याकडे तिला पूर्वपक्ष म्हणतात. तिसऱ्या वर्षी आम्ही न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमाञ्जली’ आणि ईश्वर सिद्ध करण्याचे अक्वायनसचे पाच मार्ग शेजारी शेजारी ठेवून वाचले. घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार आहे, पृथ्वीही कार्य आहे म्हणून तिलाही कर्ता आहे, हे उदयनांचे अनुमान; आणि त्यावर सर्वांत कठोर टीका कोणाची, तर रामानुजाचार्यांची! परम वैष्णव असलेल्या रामानुजांनी श्रीभाष्यात दाखवले आहे की अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, त्याला शास्त्रच प्रमाण. नास्तिक माणूस ईश्वराची सिद्धता मोडून काढतो याचे नवल वाटत नाही. भक्ताने ती मोडून काढावी यात काय आहे, ते समजायला आम्हाला अख्खे सत्र लागले. तिकडे अक्वायनसही, जगाला आरंभ आहे हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच मानावे लागते, असे स्पष्ट सांगतो. हे दोन आचार्य एकमेकांना कधी भेटणे शक्य नव्हते, ते आमच्या वर्गात भेटले. पुण्यात अध्यापन केलेले बेल्जियन जेझुइट रिचर्ड द स्मेट यांनी उभे आयुष्य शंकराचार्यांच्या अभ्यासात घालवले आणि शंकरांचे निर्गुण ब्रह्म म्हणजे व्यक्तित्वशून्य काहीतरी नव्हे, असा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे सर्वांना पटलेले नाही, पण त्यांच्या अभ्यासाबद्दल कोणी शंका घेतली नाही. हा वारसा आपलाच आहे.

या वारशाला दुसरी बाजू आहे, ती मी लपवणार नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आपल्या दर्शनांवर जे लिहिले त्यातले पुष्कळसे एकांगी होते, आणि ते हरवण्यासाठी लिहिले होते. मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरोभट्ट दांडेकर यांचा १८३१-३२ चा वाद, किंवा विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी घातलेले वाद वाचताना आजही दोन्हीकडचा ताठा जाणवतो. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या सर्वपल्ली राधाकृष्णन यांना हिंदू विचारावरची मिशनरी टीका जिव्हारी लागली. त्या टीकेला उत्तर शोधायला म्हणून ते वेदान्ताकडे वळले, आणि १९०८ साली एम. ए. साठी त्यांनी वेदान्ताच्या नीतिविचारावरच प्रबंध लिहिला. त्याचे मनापासून कौतुक करणारे त्यांचे शिक्षक ए. जी. हॉग स्वतः मिशनरी होते. ज्या संस्थेने आपल्याच टीकेचे उत्तर देणारा विद्यार्थी घडवला आणि त्याला गुण दिले, त्या संस्थेने आपले काम चोख केले, असे मी म्हणते. मूल्यशिक्षणाच्या तासातून राधाकृष्णन निघाले नसते.

खुद्द चर्चला हे नवीन नाही. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणाला ईश्वरविद्येआधी किंवा तिच्याबरोबर पूर्ण दोन वर्षांइतके तत्त्वज्ञान शिकावे लागते, हा चर्चच्या कायद्यातला नियम आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली श्रद्धा आणि बुद्धी यांवर लिहिलेल्या पत्रात त्या दोहोंना पक्ष्याच्या दोन पंखांची उपमा दिली, ती आपण आपल्या भाषणांतून अनेकदा देत असाल. मग जे धर्मगुरूला अपरिहार्य आहे ते वसईच्या भंडाऱ्याच्या मुलाला, बांद्र्याच्या नर्सच्या मुलीला किंवा माझ्या विद्यार्थ्याला अनावश्यक कसे? अमेरिकेतल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही पदवीसाठी तत्त्वज्ञान शिकावे लागते. आणि वर ज्यांचा उल्लेख केला ते प्लँटिंगा हार्वर्डला शिष्यवृत्तीवर शिकत असताना सुट्टीत घरी आले, मिशिगनमधल्या कॅल्विन या लहानशा ख्रिस्ती महाविद्यालयात जेलेमा नावाच्या प्राध्यापकांच्या तत्त्वज्ञानाच्या तासांना बसले आणि हार्वर्ड सोडून तिथेच परतले. एका पदवीच्या वर्गातल्या एका शिक्षकाने हे केले. तो वर्ग विद्यार्थी कमी म्हणून त्या वर्षी बंद असता तर पुढचे काही घडले नसते.

विद्यार्थी कमी येतात, ही आपली अडचण मला ठाऊक आहे, कारण मी तेच विद्यार्थी दोन वर्षे आधी पाहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची मांडणी करताना अनेक विषय एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, हेही खरे. पण मुले येत नाहीत याचे एक कारण असे की, त्यांच्या हातात पडते ते माहितीपत्रक त्यांना तत्त्वज्ञान म्हणजे काय हे सांगत नाही. आणि दुसरे, अधिक मोठे कारण असे की, ते मराठीतून शिकता येईल असे त्यांना कोणी सांगत नाही. वसई, सांगली, अहिल्यानगर या भागांतल्या मराठी माध्यमाच्या मुलाला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचताना शब्दांचीच भिंत लागते. मला ती लागली होती. पहिल्या सत्रात मी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश ग्रंथालयातल्या मागच्या कपाटातून काढून शेजारी ठेवत असे. जिथे मराठी बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जिथे १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले, तिथल्या संस्थांनी तत्त्वज्ञान मराठीत शिकवायला संकोच का करावा?

नोकरीचा प्रश्न मी टाळत नाही. माझ्या वर्गातल्या अकरांपैकी दोघे वकील झाले, एक जण बँकेत आहे, एकीने परिचर्येचे शिक्षण घेतले, मी शिक्षिका आहे. पदवीच्या बळावर थेट कोणालाच नोकरी लागली नाही. इतिहास किंवा राज्यशास्त्राच्या पदवीवरही लागत नाही, आणि ते विषय बंद करायला कोणी निघालेले नाही.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे की, ज्या संस्थांना स्वायत्तता आहे त्यांनी तत्त्वज्ञान हा बी. ए. चा मुख्य विषय म्हणून चालू ठेवावा, वर्गात सहा मुले असली तरी. घटनेच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या संस्था चालवण्याचा जो हक्क दिला आहे, तो आपण प्रवेशाच्या जागांसाठी वापरता, तसा याही कामासाठी वापरावा. एकाच शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक विभाग चालवला तरी चालेल. मुले बसने येतील. आम्हीही जात होतो. मूल्यशिक्षण चालू राहू द्यावे, पण त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये. आणि जे अध्यापक नेमाल ते श्रद्धावान असोत वा नसोत, आक्षेप पूर्ण ताकदीने मांडण्याची मोकळीक त्यांना लेखी द्यावी, कारण हल्ली कोणत्या वाक्याने कोणाच्या भावना दुखावतील या भीतीने शिक्षक फळा कोराच ठेवू लागले आहेत, आणि ही भीती सर्व धर्मांच्या संस्थांत सारखीच आहे. पुढच्या वर्षीची माहितीपत्रके छापायला जाण्यापूर्वी आपण या पत्राचा विचार करावा आणि जो निर्णय होईल तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

माझा तो विद्यार्थी अर्थशास्त्राचे तास सांभाळून दर शनिवारी दुपारी माझ्या घरी येतो. गेल्या शनिवारी मी त्याला अक्वायनसचा तो आक्षेप मराठीत करून दिला. त्याने तो प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असा न्यायदर्शनातल्या अनुमानाच्या पाच अवयवांत बसवला, उदाहरणाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारले, ‘मॅडम, अनंत गोष्टीचं उदाहरण कुठून आणायचं?’ मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. कागद टेबलावर तसाच आहे. तो या शनिवारी पुन्हा येणार आहे.

आपली नम्र,
एका ख्रिस्ती विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी,
मिरज